पाठीवरच्या जांभळ्या नोंदी

त्या वर्षी माझं पोस्टिंग पुण्याकडच्या एका मिलिटरी हॉस्पिटलात होतं. रँक हवालदार. ट्रेड नर्सिंग असिस्टंट. गाव मुरुड. मी भरती झालो तेव्हा माझ्या कागदावर जिल्हा उस्मानाबाद होता. आता लातूर वेगळा जिल्हा झाला होता. सुट्टीचा अर्ज लिहिताना माझा हात अजून सवयीनं उस्मानाबादकडंच वळायचा.

निवृत्तीनंतर, आता अलीकडं, लातूरला नर्सिंग शिकणाऱ्या मुलींपुढं मला बोलायला बोलावलं होतं. एका मुलीनं विचारलं, "सर, वॉर्ड भरलेला असतो, दोन्ही हात कामात असतात, मग लिहायचं कधी?" मी काहीतरी उत्तर दिलं. घरी येताना बसमध्ये वाटलं, ते अपुरं होतं. पूर्ण उत्तर द्यायचं तर नांदेडची भरती सांगावी लागते.

त्या वर्षी एके दिवशी आमच्या मेजरसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. ते डॉक्टर होते, दक्षिणेकडचे. हिंदीत बोलायचे. मी इथं मराठीत लिहितो.

"शिंदे, नांदेडला भरती आहे. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांची पोरं. मेडिकल आपल्याकडं. परवा निघायचं."

"जी सर."

"तू तिकडचाच ना?"

"लातूरचा, सर."

मी सावधान उभा होतो, पण आतून उडी मारावीशी वाटत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मराठवाड्यात ड्यूटी पहिल्यांदाच लागली होती. वर्दीत, सरकारी गाडीतून, आपल्या मुलखात.

गाडी वन टन ॲम्ब्युलन्स. ड्रायव्हर नाईक गुरमेल सिंग. नांदेड म्हटल्यावर तो माझ्याहून जास्त खूश. पोचल्याबरोबर अंघोळ करून गुरुद्वारात जाऊन आला आणि सगळ्यांना प्रसाद वाटला.

वाटेत परभणी सोडल्यावर दोन्ही बाजूंनी रान करपलेलं. दुष्काळाचं वर्ष होतं. नांदेडात शिरताना नदीकाठच्या रस्त्यावरून गोदावरी पाहिली. पात्रात खडक उघडे पडले होते आणि अधूनमधून हिरवट पाण्याचे डोह साचले होते. मैदानावर पोहोचलो तर आदल्या दिवसापासूनच पोरं येऊन पडलेली. ट्रकनं आलेली, यष्टीनं आलेली, काही चालत आलेली. शेतात काम नव्हतं. ज्याची उंची बसते असं वाटलं, तो प्रत्येक जण आला होता. उशाला पिशवी, पिशवीत भाकरी, शाळेचा दाखला.

आमच्या मदतीला नांदेडच्या एका दवाखान्यातून दोन दिवसांसाठी एक नर्स दिली होती. सिस्टर महानंदा. मूळच्या उदगीरच्या. तिशीच्या, उंच, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला. बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द. आल्या आल्या त्यांनी मांडवात कुठं काय ठेवायचं ते ठरवलं. मेजरसाहेबांनी फक्त मान हलवली.

मग त्यांनी चिकटपट्टीच्या गुंडाळीची एक वीतभर पट्टी फाडली आणि स्वतःच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, चिकटवली. पेन्सिलीचा तुकडा दोरीनं गळ्यात अडकवला.

"हे काय, सिस्टर?"

"माझी पाटी," त्या म्हणाल्या. "वही घ्यायला हात रिकामा लागतो, हवालदार. वही खाली ठेवली की हरवते, नाहीतर भिजते. हात कुठं हरवत नाही."

ड्यूटीत जे होईल ते त्या पट्टीवर खुणांनी टिपायच्या. निवांत झाल्यावर पट्टी सोलायची, समोर ठेवायची आणि केसपेपर नीट अक्षरात लिहायचा. उलटी झाली की उभी रेघ. जुलाब झाला की आडवी. सलाईनची बाटली म्हणजे गोल. बाटली अर्धी गेली की अर्धा गोल भरायचा. इंजेक्शन दिलं की फुली. लघवी झाली की टिंब.

"टिंबावर लक्ष," त्या म्हणाल्या. "बाकी खुणा वाढल्या आणि टिंब आलं नाही, की समजायचं माणूस आतून वाळून चाललाय."

सगळ्यात खाली त्या एक गोष्ट लिहून तिच्याखाली रेघ मारायच्या. ती झालेली गोष्ट नसायची. पुढं करायची असायची.

"झालेलं थोडंफार आठवतं. करायचं राहिलेलं मात्र हमखास विसरतं. दुसऱ्यानं हाक मारली की गेलंच."

मला हे पटलं, कारण आम्ही लढाईत जवळपास हेच करत होतो. जखमीच्या पायाला रक्त थांबवायचा पट्टा बांधला की कपाळावर टी. मॉर्फिया दिला की एम. मागच्या डॉक्टरला कपाळ वाचून कळायचं. मी सिस्टरना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आपलं जमेल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच धावणं सुरू झालं. ऊन चढायच्या आत संपवायचा हुकूम होता. गेटवर प्रत्येक पोराच्या उघड्या छातीवर नंबर घालून आत सोडत होते. शाई म्हणून जखमेला लावायचं जांभळं औषधच वापरलं होतं. मैदानभर जांभळे नंबर पळत होते. काय पळत होती ती पोरं! अनवाणी, ढेकळांवरून, जीव खाऊन.

पहिल्या बॅचमध्ये पहिला आलेला पोरगा थोड्या वेळानं आमच्या मांडवात आला. सावळा, काटक. नंबर एकशे एक्केचाळीस.

"नाव?"

"मिलिंद, साहेब."

"गाव?"

"रेणापूरजवळ. जिल्हा लातूर!" असं म्हणाला, जणू जिल्हा यानंच काढला.

"तुला काय होतंय?"

"मला काई न्हाई, साहेब. माझ्या दोस्ताला जरा बघता का? त्यो लई वकून राहिला."

मागं एकशे बेचाळीस उभा होता. गोरा, रुंद हाडाचा, चेहरा उतरलेला. नाव बस्वराज. दोघं एकाच शाळेतले. बस्वराजच्या घरी किराणा दुकान, मिलिंदचे वडील शाळेत शिपाई. बस्वराजनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या बुटांवरच उलटी केली.

"पाणी कुठलं प्यायलास?" सिस्टरनी विचारलं.

तो तोंड पुसत होता. मिलिंद म्हणाला, "नदीतल्या डोहाचं, बाई. काल संध्याकाळी लई पोरं गेल्ती तिकडं. माझ्या मायनं घरून कॅन भरून दिलं व्हतं, म्हून मी न्हाई गेलो."

"लई म्हंजे किती?"

मिलिंदनं मैदानाकडं हात केला. सगळंच मैदान दाखवल्यासारखा.

मेजरसाहेब खुर्चीवरून उठले. "शिंदे, सगळ्या बाटल्या उघड. लंगरच्या स्वयंपाक्यांना सांग, मोठ्या पातेल्यात पाणी उकळा. मीठ, साखर, जेवढं असेल तेवढं."

"जी सर."

तोवर रांगेत दोघं बसले. मग चौघं. मग रांगच मोडली. ऊन तापलं होतं, पोटात अन्न नाही, त्यात हे डोहाचं पाणी. पोरं मांडवाकडं येत होती, वाटेत बसत होती, एकमेकांना उचलून आणत होती. मांडव भरला. सतरंज्या संपल्या तेव्हा गुरमेलनं गाडीवरची ताडपत्री काढून अंथरली.

बोलू नये, पण खरं सांगतो. त्या वेळी अंगात वीज भरल्यासारखं झालं होतं. ज्या कामासाठी आयुष्यभर कवायत केली, ते समोर आलं होतं आणि हात बरोबर चालत होते. मेजरसाहेब गुडघ्यावर बसून एकामागून एक शिरा शोधत होते. मी बाटल्या जोडत होतो. बांबूंवर दोऱ्या बांधून काचेच्या बाटल्या टांगल्या. बांबू संपले तेव्हा धडधाकट पोरं उभी केली आणि बाटल्या त्यांच्या हातात दिल्या. त्यात पहिला मिलिंद.

आणि सिस्टर! त्या चालत नव्हत्या, वाहत होत्या. एका पोराची नाडी बघता बघता दुसऱ्याला विचारायच्या, "लघवी झाली का रे?" तिसऱ्याच्या तोंडाला मीठसाखरेचं पाणी लावायच्या. प्रत्येकाच्या दंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. वर छातीचा नंबर, खाली खुणा. पेन्सिल गळ्यातच. वाकायचं, खूण करायची, पुढं. एक श्वासभराचं काम. मी दुसऱ्या टोकानं येत होतो. ज्या पोरापाशी पोचायचो, त्याच्या दंडावर नजर टाकली की सगळं कळायचं. दीड बाटली गेली, चार उलट्या, फुली झालेली, टिंब नाही. खाली रेघ मारून लिहिलेलं : "तिसरी लावा, जोरात." मी लावायचो, गोल काढायचो, पुढं. आम्ही एकमेकांशी बोलतही नव्हतो. बोलायची गरज नव्हती.

मग एका ठिकाणी मला सतरंजी रिकामी दिसली. सलाईनची नळी काढून नीट गुंडाळून ठेवलेली. पलीकडं आणखी एक जागा रिकामी. वाटलं, दुसरीकडं हलवलं असेल. पाण्याच्या रांजणामागं गेलो तर तिथं चिकटपट्टीचे तुकडे पडलेले. सोलून टाकलेले. ओंजळभर.

मी ते सिस्टरपुढं धरले. त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला.

"अय्यो! ही पोरं पळाली."

"कशाला पळतील?"

उत्तर मिलिंदनं दिलं. हातात बाटली उंच धरूनच. "साहेब, बाहेर सगळे बोलून राहिले, ज्याच्या दंडाला पट्टी लागली त्यो अनफिट. नाव कटलं त्याचं. म्हून काढून राहिले. काढून परत रांगंत जाऊन राहिले."

म्हणजे शिरेत पाणी हवं असलेली पोरं उन्हात, छाती मोजायच्या रांगेत उभी होती. ताठ उभी. कुणाला कळू नये म्हणून.

मेजरसाहेबांनी वायरलेस सेट हातात घेतला. भरतीचे कर्नलसाहेब मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते.

"अल्फा, ब्राव्हो बोलतोय. ओव्हर."

"बोल ब्राव्हो. ओव्हर."

"सर, आजारी पोरं आजार लपवून रांगेत उभी आहेत. अनफिट होण्याची भीती. शब्द द्यावा लागेल. ओव्हर."

कर्नलसाहेबांचा आवाज खरखरत आला.

"काय शब्द? ओव्हर."

"आज जो आजारी, त्याचं मेडिकल पुन्हा होईल. बरा झाल्यावर. सगळ्यांचं. ओव्हर."

"सगळ्यांचं. मंजूर. लाऊडस्पीकरवरून मीच सांगतो. आऊट."

कर्नलसाहेबांनी हिंदीत सांगितलं. ते पुरणार नाही हे मला माहीत होतं. मेजरसाहेबांची परवानगी घेऊन मी धावत गेलो आणि माईक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा माईकवर बोललो, तेही मुरुडच्या भाषेत.

"पोरांनो, मी लातूरचा हाय. खोटं बोलनार न्हाई. पट्टी म्हंजे अनफिट न्हाई! ज्याला उलटी हाय, जुलाब हाय, त्यानं मांडवात यावं. भरती कुठं पळून जात न्हाई. दोन दिसानं तुमचं मेडिकल परत. साहेबाचा शब्द हाय. पर आज लपवलं तर परवाचा दिवस दिसनार न्हाई!"

मग रांगेतून एक जण बाहेर आला. पोट धरून. त्याच्यामागं दुसरा. मग लोंढाच आला. लंगरवाले पातेलं टाकून टाळ्या वाजवायला लागले.

पण सिस्टर म्हणाल्या, "आता येतील, थोडं बरं वाटलं की परत सोलतील. मुलं आहेत ही." त्या एका पोराच्या छातीकडं बघत होत्या. घामानं सगळं अंग निथळत होतं, पण नंबर तसाच होता. "हवालदार, हे जांभळं पुसत नाही. आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, कुणाचा हात पोचत नाही."

त्यांनी काडीला कापूस गुंडाळला. जांभळ्या औषधाची बाटली घेतली. "चला, पाठी करा इकडं! बिगी बिगी!" पोरं गुडघ्यात मान घालून ओळीनं बसली. सिस्टर एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. पाठीवर गोल, रेघ, फुली. ज्याला लघवी झाली त्याला टिंब. पहिलं टिंब मिळालेल्या पोरानं असा जल्लोष केला, की शेजारचे हसता हसता ओकले. मग टिंबाची चढाओढच लागली. "बाई, मला बी एक टिंब!" "झाली का खरंच?" "झाली, आईशपथ!" मेजरसाहेब दिवसभरात पहिल्यांदा हसले.

सोललेल्या पट्ट्यांवरचे नंबर मी एकेक वाचत होतो आणि माणूस समोर आला की पट्टी बाजूला ठेवत होतो. ढीग कमी होत गेला. शेवटी एकच पट्टी राहिली.

एकशे बेचाळीस. दोन गोल, दोन्ही भरलेले. रेघा मोजवत नव्हत्या. एक फुली. टिंब नाही. खाली रेघ मारून : "तिसरी लगेच."

"मिलिंद, तुझा दोस्त कुठाय?"

त्यानं बाटली शेजारच्याच्या हातात दिली. सगळीकडं नजर फिरवली. मग त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, त्यो काल म्हनला व्हता, नापास झालो तर घरला तोंड दाखवनार न्हाई. हैदराबादच्या गाडीत बसतो म्हनला. त्याचा मामा हाय तिकडं."

"गाडी कधीची?"

"आत्ताचीच असंल."

मी मेजरसाहेबांकडं पाहिलं. "जा," ते म्हणाले. मिलिंद आधीच ॲम्ब्युलन्सकडं निघाला होता. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर पुकारा झाला : नंबर एकशे वीस ते एकशे साठ, मोजमापासाठी हजर व्हा. बरी असलेली पोरं रांगेकडं धावली. मिलिंद थबकला.

"तू जा," मी म्हणालो. "तुझा नंबर आहे. मी बघतो त्याला."

"तुमी वळखनार न्हाई, साहेब. त्यानं सदरा घातला असंल." आणि तो गाडीत चढला.

गुरमेलनं गाडी अशी काढली, की मागच्या दाराला मी लोंबकळतच होतो. नांदेडच्या रस्त्यांवरून हॉर्न दाबून. बैलगाड्या, टांगे, सायकली, सगळ्यांना वळसा. स्टेशनात शिरलो तेव्हा हैदराबादची गाडी फलाटावर उभी होती आणि गार्डच्या हातात हिरवा झेंडा होता.

"गुरमेल, गार्ड!"

"गया, उस्ताद!" तो सहा फुटी माणूस धावत गार्डपुढं उभा राहिला, कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाला, "साबजी, मरीज है. फौज का." गार्डनं झेंडा खाली केला.

आम्ही डब्यांमागून डबे धुंडाळले. दुष्काळामुळं कामाला निघालेल्या माणसांनी गाडी खच्चून भरली होती. मिलिंद खिडक्यांमधून ओरडत होता, "बश्या! आरं बश्या! मी हाय!" कुणी बोलेना. मला वाटलं, लाजेनं तो हाकेला ओ देणार नाही. मग मी परेडच्या आवाजात हुकूम दिला.

"चेस्ट नंबर एकशे बेचाळीस!"

एका डब्यातून, संडासाच्या दारापाशी, माणसांच्या पायांमधून एक हात वर आला. सकाळपासून तो या नंबरलाच ओ देत होता.

लोकांनी त्याला डोक्यावरून आमच्याकडं पोचवला. डोळे खोल गेलेले. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहात होती. मनगटाची नाडी लागेना. ॲम्ब्युलन्समध्ये आडवा केला. मी उलटीचं इंजेक्शन भरायला घेतलं आणि खिशात घालून आणलेली त्याची पट्टी काढून पाहिली. फुली. म्हणजे ते दिलेलं होतं. सिरिंज ठेवली. दुसरं दिलं असतं तर ते जास्त झालं असतं, आणि त्या अवस्थेत ते परवडणारं नव्हतं. करायचं एकच होतं, रेघ मारून लिहिलेलं. तिसरी लगेच.

हाताच्या शिरा सगळ्या बसलेल्या. एक टोचली, गेली. दुसरी गेली.

"गुरमेल, गाडी रोक!"

त्यानं रस्त्याच्या मधोमध थांबवली. मागचे लोक ओरडत होते. मी बस्वराजच्या घोट्याजवळ बोट फिरवलं. एक दोरा लागला. बारीक. श्वास धरला आणि सुई सारली. नळीत रक्त उलटं आलं.

"लागली! चलो!"

मिलिंद बाटली छताला टेकवून उभा होता. गाडी वळणावर कलंडायची, तोही कलंडायचा, पण बाटली खाली आली नाही. सगळा वेळ दोस्ताशी बोलत होता. "बश्या, झोपू नगं. बश्या, तुला अनफिट न्हाई केलं. परवा परत मेडिकल हाय, साहेबानं सांगितलं. आयकून राहिला ना?"

मांडवात पोचलो तेव्हा मेजरसाहेब आणि सिस्टर दारातच होते. चौथी बाटली लागली, मग पाचवी. ऊन उतरायला लागलं तेव्हा बस्वराज अंग हलवून म्हणाला, "बाई, मला लघवीला जायचंय."

सिस्टरनी त्याच्या पाठीवर टिंब काढलं. चांगलं मोठं, रुपयाएवढं. मग दुसरीकडं तोंड केलं आणि पदरानं चेहरा पुसला.

त्या दिवशी आमच्या मांडवात एकही पोरगा दगावला नाही.

सांज होत आली तेव्हा सिस्टर खोक्यावर केसपेपर घेऊन बसल्या. मी एकेका पोराला पाठ करून उभा करत होतो आणि वाचत होतो. "नंबर एकशे चौदा. बाटल्या तीन. उलट्या पाच. फुली एक. टिंबं दोन." त्या लिहीत होत्या. पोरं गालातल्या गालात हसत होती. सिस्टरच्या स्वतःच्या मनगटावर एवढ्या पट्ट्या एकावर एक चढल्या होत्या, की सोलताना लव निघाली. लातूरला प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला मी हे सांगायला हवं होतं. लिहायला वेगळा वेळ मिळत नाही. काम करता करताच लिहायचं, आणि असं लिहायचं की मागून येणाऱ्या माणसाला ते वाचता आलं पाहिजे.

मिलिंदचं मोजमाप हुकलं होतं. तो मांडवाच्या कडेला बसला होता. मेजरसाहेबांनी पुन्हा सेट घेतला.

"सर, एक उमेदवार पुकाऱ्याला हजर नव्हता. माझ्या कामावर होता. ओव्हर."

"तुझ्या कामावर होता, तर तो तुझा. उद्या मोजतो त्याला. बसला तर मेडिकल कोअरमध्येच टाकतो. चालेल? ओव्हर."

"पळेल, सर. आऊट."

तो बसला. सगळ्या मापात बसला. बस्वराजचं दोन दिवसांनी पुन्हा मेडिकल झालं, दिलेल्या शब्दाप्रमाणं, पण उंची थोडी कमी भरली. तो आला तसा घरी गेला आणि दुकानात बसला. मिलिंद लखनौला ट्रेनिंगला गेला. ॲम्ब्युलन्स असिस्टंट झाला. मला पत्रं यायची, 'जय भीम' लिहून सुरू व्हायची. पोस्टिंग बर्फात मिळालं, तेव्हाही खुशीतच होता.

पुढं काही वर्षांनी त्याच्या चौकीवर तोफांचा मारा झाला. बंकरच्या बाहेर दोघं जखमी पडले. मिलिंद एकाला पाठीवर घेऊन आला. पुन्हा गेला. दुसऱ्याला ओढत बंकरच्या तोंडाशी आणला आणि आत ढकलला. तेवढ्यात एक गोळा जवळ पडला. हे मला त्याच्या युनिटच्या सुभेदारांनी सांगितलं. मी तेव्हा निवृत्तीच्या जवळ होतो.

सुट्टी काढून मी त्याच्या गावी गेलो. बस्वराज दुकान बंद करून माझ्याबरोबर आला. घरात मिलिंदची आई भिंतीला टेकून बसली होती, बोलण्याच्या पलीकडं गेलेली. वडील बाहेर ओट्यावर आले. शाळेच्या शिपायाची खाकी टोपी हातात होती. आम्ही तिघं बसलो.

मग ते म्हणाले, "साहेब, शेवटाला त्याच्यापाशी कोन व्हतं?"

"ज्याला त्यानं ओढत आणलं, तो होता. त्यानंच मिलिंदचं डोकं मांडीवर घेतलं होतं."

"त्यो जगला का?"

"जगला. पहिला पण जगला. दोघंही."

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. तिच्यावर हात फिरवला.

"दोघंबी," ते म्हणाले. आणि आत, आपल्या बायकोला हे सांगायला उठून गेले.